‘आय वर्क…’ आणि पुढे? नोकरीबद्दल इंग्रजीत बोलताना ॲट, इन, फॉर की ऑन

‘सध्या कुठे आहेस?’ असं विचारलं तर मराठीत उत्तर द्यायला कुणी अडखळत नाही. बँकेत आहे, परचेसला आहे, साइटवर असतो, एका सीएच्या हाताखाली शिकतोय. त, ला, वर, खाली आपसूक तोंडात येतात. तेच इंग्रजीत सांगायचं म्हटलं की ‘आय वर्क’पर्यंत गाडी नीट जाते आणि पुढच्या इवल्याशा शब्दापाशी अडते. ॲट? इन? फॉर? आणि समोर एचआरवाल्या मॅडम पेन सरसावून बसलेल्या.

नोकरीला नुकतेच लागलेले आणि लागू पाहणारे, अशांसाठी हा लेख आहे. डिप्लोमा करून चाकण-वाळूजच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवणारी मुलं, बीकॉम होऊन ठाण्या-अंधेरीत बॅक ऑफिसला जाणाऱ्या मुली, नर्सिंग करून आखातात जायची तयारी करणारे, सगळेच यात आले. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती मोठ्यानं म्हणा. हे शब्द नियमानं कमी आणि जिभेच्या सवयीनं जास्त बसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ॲट आणि इनची अदलाबदल झाली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. ‘आय वर्क इन टीसीएस’ हे वाक्य भारतभर बोललं जातं आणि सगळ्यांना कळतं. पण चार-पाच जागा अशा आहेत की तिथं शब्द चुकला की अर्थच फिरतो, आणि ऐकणाऱ्याला तुम्ही सांगितलंय त्यापेक्षा वेगळंच काहीतरी समजतं. त्या जागा आल्या की मी रेंगाळणार आहे, बाकी भरभर उरकणार आहे.

पहिली पायरी: आधी मराठीत पाच उत्तरं लिहा

कागद घ्या. पगार कोण देतं? रोज जाता ती जागा कुठली? खातं कुठलं? सध्या हातात काम काय? वरचा साहेब कोण? ही उत्तरं मराठीतच लिहा.

आता प्रत्येकाला त्याचा शब्द लावायचा. पगार देणाऱ्यासाठी फॉर. जागेसाठी ॲट. खातं, क्षेत्र आणि शहर यांच्यासाठी इन. हातातल्या कामासाठी ऑन. साहेबासाठी ‘रिपोर्ट’ या क्रियापदाला जोडून टू.

बहुतेकांच्या बाबतीत पगार देणारा आणि जागा एकच असते. म्हणून ‘आय वर्क फॉर इन्फोसिस’ आणि ‘आय वर्क ॲट इन्फोसिस’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, हवं ते वापरा. फरक उघडा पडतो तो ठेकेदारीत. चाकणच्या मोटार कारखान्यात लाइनवर उभा असलेला मुलगा अंगावर कंपनीचा शर्ट घालतो, कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतो, पण पगारपत्रक येतं ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं. त्यानं ‘आय वर्क ॲट’ म्हणून कारखान्याचं नाव घेतलं तर ते खरं आहे. ‘आय वर्क फॉर’ म्हणून तेच नाव घेतलं तर ते खरं नाही. पुढची कंपनी जेव्हा आधीच्या नोकरीची पडताळणी करते तेव्हा ती पगार देणाऱ्याकडेच चौकशी करते, आणि मग नावं जुळत नाहीत. त्याचं बिनचूक वाक्य असं:

‘आय वर्क फॉर अ मॅनपॉवर एजन्सी, ॲट अ कार प्लांट इन चाकण.’

आयटीतल्यांचंही तेच. कंपनी एक, बसायची जागा क्लायंटची, काम तिसऱ्याच बँकेचं. ‘आय वर्क फॉर टीसीएस. आय सिट ॲट द क्लायंट्स ऑफिस इन बीकेसी, अँड आय ॲम ऑन अ बँकिंग प्रोजेक्ट.’ फॉर, ॲट, इन, ऑन असे चारही शब्द इथं आपापल्या जागी आले. स्वतःची माहिती भरून हे वाक्य तयार केलंत तर लेखाचं निम्मं काम झालं.

विथ कुठे बसतो? तो नात्याचा शब्द आहे. ‘आय हॅव बीन विथ द कंपनी फॉर सिक्स इयर्स’ हे अगदी शुद्ध आणि जरा अदबीचं वाक्य आहे, कंपनीशी असलेला जुना संबंध सांगणारं. माणसांच्या बाबतीत मात्र विथ आणि फॉर यांच्यात पद बदलतं. ‘आय वर्क विथ मिस्टर कुलकर्णी’ म्हणजे कुलकर्णी सहकारी. ‘आय वर्क फॉर मिस्टर कुलकर्णी’ म्हणजे कुलकर्णी साहेब. ‘हाताखाली’साठी अंडर आहेच, ‘आय ट्रेन्ड अंडर अ सीनियर सीए’ छान वाटतं. पण रोजच्या बोलण्यात ‘आय वर्क अंडर हिम’ जरा जास्तच दबलेलं ऐकू येतं. ‘आय रिपोर्ट टू हिम’ म्हणा, काम भागतं आणि पाठीचा कणाही ताठ राहतो.

दुसरी पायरी: इन कधी, ॲट कधी

सोपी खूण अशी. जागेचं सामान्य नाव असेल तर इन चालतं: ‘इन अ बँक’, ‘इन अ फॅक्टरी’, ‘इन अ गारमेंट शॉप’. विशेषनाम आलं की ॲटकडे वळा: ‘ॲट बँक ऑफ महाराष्ट्र’, ‘ॲट माझगाव डॉक’, ‘ॲट सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’. खातं, धंदा आणि गाव यांना कायम इन. मराठीत आपण ‘अकाउंट्सला आहे’, ‘नाशिकला असतो’ म्हणतो, म्हणून जीभ ‘टू’ नाहीतर ‘ॲट’कडे ओढते. पण ‘आय ॲम इन अकाउंट्स’, ‘आय ॲम इन सेल्स’, ‘आय ॲम बेस्ड इन नाशिक’ हेच खरं. हल्ली कॉर्पोरेटमध्ये ‘बेस्ड आउट ऑफ पुणे’ असं सर्रास ऐकू येतं. चूक नाही, पण नव्या माणसानं ‘बेस्ड इन’वर राहावं.

सैन्य, नौदल, पोलीस अशा मोठ्या सेवांना नाव असूनही इन लागतं: ‘इन द आर्मी’, ‘इन द नेव्ही’, ‘इन द पोलीस’. वडील रेल्वेत होते हे सांगताना आपल्याकडे ‘इन द रेल्वेज’ म्हणतात. इथं ते चालून जातं. ब्रिटिश माणूस ‘ऑन द रेल्वेज’ म्हणेल. घोळच नको असेल तर ‘ही वर्क्ड फॉर द रेल्वेज’ कुठेही खपतं.

आता पहिली धोक्याची जागा. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन यांनी ही नीट वाचावी. ड्यूटीवर असताना बाहेरच्या कुणाचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात ‘आय ॲम इन हॉस्पिटल’, तर पलीकडचा माणूस दचकून ‘काय झालं?’ विचारेल. ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे दाखल झालेला पेशंट. अमेरिकेत मध्ये ‘द’ घालून ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात, तरी अर्थ तोच. तिथं काम करणारा ‘ॲट द हॉस्पिटल’ असतो. ‘आय वर्क ॲट ससून हॉस्पिटल’, ‘आय ॲम ॲट द हॉस्पिटल टिल एट.’ तुरुंगाचंही असंच: ‘इन प्रिझन’ म्हणजे शिक्षा भोगणारा, आणि शिपाई ‘ॲट द प्रिझन’. येरवड्याला नोकरी लागलेल्यानं हे एकदा तरी घोकावं.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे खुद्द ऑफिस. ‘इन ऑफिस’, मध्ये ‘द’ नसताना, म्हणजे सत्तेवर, पदावर. वसंतराव नाईक डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 मुख्यमंत्री होते. त्यांच्याबद्दल ‘ही वॉज इन ऑफिस फॉर ओव्हर इलेव्हन इयर्स’ असं वाक्य होतं. आपण खुर्चीत बसून फायली उपसत असलो तर ‘आय ॲम इन द ऑफिस’ किंवा ‘ॲट द ऑफिस’. तो ‘द’ गिळू नका. मराठीत असलं काही नसतंच, त्यामुळे तो पहिल्यांदा गळतो.

आणि ‘कामावर आहे’ याचं ‘ऑन वर्क’ होत नाही. ‘ॲट वर्क’. इथं मात्र ‘द’ घालायचा नाही, जसा ‘ॲट होम’मध्ये घालत नाही. उलट बाजूला ‘आउट ऑफ वर्क’ म्हणजे बेकार, हेही ध्यानात ठेवा. काम आटोपून बाहेर पडलो या अर्थानं कुणी ते बोललं तर गैरसमज पक्का. ‘आय हॅव लेफ्ट वर्क’ म्हणा. ‘आउट ऑफ स्टेशन’ हे तर ब्रिटिशांच्या जमान्यातल्या छावणी-ठाण्यांचं उरलेलं इंग्रजी आहे. आपल्याकडच्या साहेबाला कळतं, परदेशातल्या क्लायंटला रेल्वे स्टेशन आठवतं. त्याला ‘आउट ऑफ टाउन’ सांगा.

तिसरी पायरी: ‘वर’चं ऑन कधी होतं

इथं मराठी आपल्या बाजूनं आहे. माणूस कुठल्या अवस्थेत आहे हे सांगणारा ‘वर’ बहुतेक वेळा सरळ ऑन होतो. रजेवर, ऑन लीव्ह. ड्यूटीवर, ऑन ड्यूटी. संपावर, ऑन स्ट्राइक. प्रोबेशनवर, डेप्युटेशनवर, कॉलवर, बेंचवर, रात्रपाळीवर, सगळ्यांना ऑन. मजल्याला ऑन: ‘ऑन द थर्ड फ्लोअर’. जहाजावरच्यांना ऑन: गोव्यातले, रत्नागिरीकडचे कितीतरी लोक वर्षातले अनेक महिने ‘ऑन अ शिप’ असतात, आणि जहाज कुणाचं हे सांगताना ‘विथ अ शिपिंग कंपनी’ म्हणतात. बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत समुद्रात आहे. 1974 मध्ये तिथं तेल लागलं, आणि तिथं काम करणारा ‘आय वर्क ऑन अ रिग’ असंच सांगतो. समितीवर, पॅनेलवर, बोर्डवर असणंही ऑन. टीमच्या बाबतीत अमेरिकन ‘ऑन द टीम’ म्हणतो, ब्रिटिश ‘इन द टीम’. जे जमेल ते घ्या, वाद घालायची जागा ही नव्हे.

फसवा ‘वर’ वेगळाच आहे. तो आपण उभं राहायच्या किंवा बसायच्या ठिकाणाला लावतो. गेटवर असतो. काउंटरवर बसतो. टेबलावर नाहीये, चहाला गेलाय. याचं ऑन केलंत तर माणूस खरोखरच त्या वस्तूवर चढून बसतो. ‘ही सिट्स ऑन द काउंटर’ म्हणजे कॅशियर साहेब मांडी घालून काउंटरवर. इथं ॲट हवा: ‘ॲट द गेट’, ‘ॲट द काउंटर’, ‘ही इज नॉट ॲट हिज डेस्क’. रिसेप्शनला असणारीसुद्धा ‘ॲट रिसेप्शन’.

मशीनचं थोडं नाजूक आहे. ‘आय वर्क ऑन अ लेथ’ म्हणजे लेथ चालवतो, हे बरोबर. पण ‘आय ॲम वर्किंग ऑन द कॉम्प्रेसर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कॉम्प्रेसर बिघडलाय आणि तुम्ही तो दुरुस्त करताय असं वाटू शकतं. मेंटेनन्सवाल्यांना हे वाक्य शोभतं. ऑपरेटरनं भानगडीत न पडता ‘आय ऑपरेट अ सीएनसी मशीन’ म्हणावं, मध्ये कुठलाच शब्द नको.

पत्ता सांगताना आणखी एक क्रम उपयोगी पडतो. नंबर किंवा इमारतीला ॲट, मजला आणि रस्त्याला ऑन, भाग आणि शहराला इन. ‘अवर ऑफिस इज ऑन द फोर्थ फ्लोअर, ऑन सेनापती बापट रोड, इन पुणे.’ हिंजवडीच्या फेजला इन: ‘इन फेज टू’. खेड्यातल्या पत्त्यावर आपण मु. पो. लिहितो, त्याचं इंग्रजीत ‘ॲट अँड पोस्ट’ होतं, तिथून ‘ॲट’ गावालाही लावायची सवय लागते आणि ‘आय लिव्ह ॲट सातारा’ असं बाहेर येतं. पाकिटावर लिहिलेलं असू दे, बोलताना ‘इन सातारा’.

‘समोर’ने तर कुरिअरवाले हैराण केलेत. आपल्या ‘स्टेशनच्या समोर’चं बहुतेकजण ‘इन फ्रंट ऑफ द स्टेशन’ करतात. रस्त्याच्या पलीकडे असेल तर ‘ऑपोझिट द स्टेशन’, आणि ऑपोझिटनंतर ‘टू’ लावायचा नाही. ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणजे त्याच बाजूला, अगदी दारापुढे. रिक्षा स्टँड स्टेशनच्या ‘इन फ्रंट ऑफ’ असतो, पलीकडचं उडपी हॉटेल ‘ऑपोझिट’. ‘नियर’ला पण ‘टू’ चिकटवू नका.

चौथी पायरी: काळाचे शब्द, म्हणजे खरं दुखणं

इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल तर ते हे: ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम लास्ट थ्री इयर्स.’ ते येतं कुठून हे उघड आहे. ‘मी इथं तीन वर्षांपासून आहे’ आणि ‘मी इथं 2021 पासून आहे’ या दोन्हींत आपला एकच ‘पासून’. इंग्रजी या दोन्हींना वेगळं करतं. किती काळ, हे सांगायचं असेल तर फॉर. कधी सुरुवात झाली, हे सांगायचं असेल तर सिन्स.

‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’
‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2021.’

‘सिन्स थ्री इयर्स’ कधीही नाही. ‘फ्रॉम’ तेव्हाच, जेव्हा शेवटही सांगायचा असतो, म्हणजे सोडलेल्या नोकरीबद्दल: ‘आय वर्क्ड देअर फ्रॉम 2018 टू 2021.’ आणि क्रियापदाकडे लक्ष असू द्या. अजून चालू असलेल्या नोकरीला ‘हॅव बीन’, संपलेल्या नोकरीला साधं ‘वर्क्ड’. बायोडेटा बघणारा माणूस याच दोन रूपांवरून समजतो की तुम्ही अजून तिथं आहात की सोडलंय. चालू नोकरीला ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणालात तर पुढचा प्रश्न ‘मग का सोडली?’ हा येणारच.

आता सगळ्यात महागात पडणारी जागा. ‘पर्यंत’.

‘पाच वाजेपर्यंत रिपोर्ट पाठवतो.’ ‘पाच वाजेपर्यंत ऑफिसात आहे.’ मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत पहिल्याला बाय लागतो, दुसऱ्याला टिल. ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आत कधीतरी एकदा पाठवणार. ‘आय ॲम इन द ऑफिस टिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत सलग आहे. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फाइव्ह’ लिहिलंत तर त्याचा अर्थ पाच वाजेपर्यंत रिपोर्टमागून रिपोर्ट पाठवत बसणार असा होतो. आपला इथला साहेब समजून घेतो. जर्मनीतला क्लायंट मेल वाचून ‘विच टाइम एक्झॅक्टली?’ असं उलट विचारतो.

ओळखायची युक्ती: काम एका क्षणात होऊन जाणारं आहे का? पाठवणं, पोहोचणं, संपवणं, भरणं? बाय. सलग चालणारं आहे का? असणं, थांबणं, बसणं, वाट बघणं? टिल. ‘आय विल रीच बाय नाइन.’ ‘आय विल वेट टिल नाइन.’ रजेचा अर्ज लिहिताना तर दोन्ही लागतात: रजा ‘टिल फ्रायडे’ आणि काम पूर्ण ‘बाय फ्रायडे’.

‘दोन दिवसांत’ हाही तसाच निसरडा. ‘आय विल फिनिश इट इन टू डेज’ ऐकून समोरचा दोन दिवसांनी हातात पडेल असं धरतो. त्याआधीच होईल असं सांगायचं असेल तर ‘विदिन टू डेज’. वार, घड्याळ, महिना यांचं शाळेत झालेलं आहे, ऑन मंडे, ॲट टेन, इन मार्च, ते पुन्हा उगाळत नाही. फक्त ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ वेगळे ठेवा. दहाची मिटिंग दहाला सुरू झाली, ऑन टाइम. लोकल सुटायच्या आत फलाटावर पोहोचलात, इन टाइम.

पाचवी पायरी: जिथं शब्दच नको, तिथून तो काढा

मराठीत मॅनेजर‘ला’ कळवतो, विषया‘बद्दल’ चर्चा करतो, एचआर‘शी’ संपर्क करतो, मिटिंग‘ला’ हजर राहतो, ऑफिस‘ला’ पोहोचतो. प्रत्येक ठिकाणी आपल्याला काहीतरी जोडायची सवय. इंग्रजीत या क्रियापदांना काही जोडायचं नसतं:

‘आय इन्फॉर्म्ड माय मॅनेजर.’ मध्ये ‘टू’ नाही.
‘वुई डिस्कस्ड द टार्गेट.’ ‘अबाउट’ नाही.
‘प्लीज कॉन्टॅक्ट एचआर.’
‘आय अटेंडेड द मिटिंग.’
‘आय रीच्ड द ऑफिस ॲट नाइन.’
‘आय जॉइन्ड द कंपनी इन 2022.’ कंपनीआधी ‘इन’ नाही, ‘टू’ नाही. सालाआधी आहे.
‘आय रिक्वेस्टेड लीव्ह.’ फॉर हवाच असेल तर ‘आय आस्क्ड फॉर लीव्ह’ किंवा ‘आय अप्लाइड फॉर लीव्ह’.

उलट प्रकारही आहे, म्हणजे शब्द हवा आणि आपण खातो. ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘आय रिझाइन्ड द कंपनी’ नाही, ‘आय रिझाइन्ड फ्रॉम द कंपनी’. ‘लिसन मी’ नाही, ‘लिसन टू मी’. आणि कॉलेजातून ‘पास आउट’ होऊ नका. सैन्याच्या अकादमीत कॅडेट पास आउट होतात ते ठीक, पण इतरत्र त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आय डिड माय डिप्लोमा ॲट’ आणि कॉलेजचं नाव.

ही यादी पाठ करायला बसू नका. कुठल्याही चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, फोनवरच्या फुकट ॲपमध्येसुद्धा, क्रियापदाखाली त्याच्यासोबत येणारा शब्द ठळक अक्षरात दिलेला असतो. ‘रिझाइन’ शोधलंत की शेजारी ‘फ्रॉम’ दिसतो, ‘डिस्कस’ शोधलंत की शेजारी ‘अबाउट’ दिसत नाही. ते नसणंही टिपून ठेवायचं. वहीत एकटं क्रियापद लिहू नका, जोडीनं लिहा.

सहावी पायरी: प्रश्नाची शेपटी ऐका

हा भाग कुठल्या क्लासमध्ये फारसा शिकवत नाहीत, आणि उपयोग सर्वाधिक. इंग्रजी प्रश्नात हे शब्द मागे, अगदी शेवटी लटकतात. तोपर्यंत आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो आणि शेपटी ऐकायचीच राहते.

‘हू डू यू वर्क फॉर?’ कंपनी विचारली आहे.
‘हू डू यू वर्क विथ?’ सहकारी विचारले आहेत.
‘हू डू यू रिपोर्ट टू?’ साहेब विचारला आहे.
‘व्हॉट आर यू वर्किंग ऑन?’ हातातलं काम विचारलं आहे.

पहिले तीन प्रश्न ‘हू डू यू’पर्यंत एकसारखे. फरक फक्त शेवटच्या शब्दात. एक फायदाही आहे: शेपटीतला शब्द उचलायचा आणि उत्तरात तोच ठेवायचा. ‘हू डू यू रिपोर्ट टू?’ ‘आय रिपोर्ट टू द प्रॉडक्शन मॅनेजर.’ विचारणाऱ्यानेच योग्य शब्द हातात ठेवलेला असतो, तो घ्यायचा. घरी कुणाला तरी हे प्रश्न उलटसुलट विचारायला सांगा. भाऊ-बहीण, रूममेट, कुणीही चालेल, त्यांचं इंग्रजी तुमच्याइतकंच असलं तरी हरकत नाही.

‘रिपोर्ट’ला बाकीची शेपटं कुठली तेही इथंच बघून घ्या, कारण अपॉइंटमेंट लेटरमध्ये हा शब्द सतत येतो. ‘रिपोर्ट टू’ म्हणजे कुणाच्या अखत्यारीत. ‘रिपोर्ट फॉर ड्यूटी’ म्हणजे कामावर हजर व्हा. ‘रिपोर्ट ॲट गेट टू’ म्हणजे कुठे हजर व्हा. ‘रिपोर्ट ऑन’ म्हणजे कशाबद्दल अहवाल द्या. ‘रिपोर्ट टू मिस्टर जोशी ॲट गेट टू बाय एट’ या एका ओळीत कुणाला, कुठे आणि कधीच्या आत, तिन्ही आलं. ‘बाय एट’ आहे, म्हणजे आठला तिथं पोहोचलेलं असायचं, आठला घरून निघायचं नाही.

अनुभव आणि कौशल्य

यातलं थोडंच लागतं. क्षेत्राचा अनुभव ‘इन’: ‘एक्सपिरिअन्स इन प्रॉडक्शन’. साधनाचा ‘विथ’: ‘एक्सपिरिअन्स विथ ऑटोकॅड’. पदाचा ‘ॲज’: ‘ॲज अ सुपरवायझर’. एखाद्या गोष्टीत हुशार असणं ‘गुड ॲट एक्सेल’, ‘गुड इन’ नाही. जबाबदारी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. व्यापारी पेढीत किंवा डीलरकडे लागलेल्यांनी आणखी एक घ्यावं: ‘वुई डील इन स्पेअर पार्ट्स’ म्हणजे त्यांचा व्यापार करतो, ‘आय डील विथ कम्प्लेंट्स’ म्हणजे तक्रारी हाताळतो. ‘वुई डील इन कम्प्लेंट्स’ म्हणालात तर तक्रारींचं दुकान उघडल्यासारखं होईल.

शेवटची पायरी: सगळं एका दमात

पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा आणि हा नमुना समोर ठेवून स्वतःचा मजकूर भरा:

‘आय ॲम फ्रॉम सांगली. आय डिड माय डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग. आय हॅव बीन विथ अ गिअर मॅन्युफॅक्चरर इन भोसरी फॉर टू इयर्स. आय ॲम इन क्वालिटी, अँड आय रिपोर्ट टू द क्वालिटी हेड. ॲट द मोमेंट आय ॲम वर्किंग ऑन अ न्यू इन्स्पेक्शन लाइन. आय ॲम ऑन द फर्स्ट शिफ्ट, सो आय ॲम ॲट वर्क टिल हाफ पास्ट थ्री.’

‘आय ॲम फ्रॉम सांगली’ असं म्हटलंय, ‘आय बिलाँग टू सांगली’ असं नाही. दुसरं वाक्य आपल्याकडे फार चालतं, पण परदेशी कानाला सांगलीकर मंडळी सांगलीच्या मालकीची वाटतात. फोनमध्ये रेकॉर्ड करा, ऐका, अडखळलात तेवढीच जोडी पुन्हा म्हणा. सबंध उतारा परत परत घोकण्यात अर्थ नाही.

मग संपर्काचे तपशील द्यायची वेळ येते, आणि मराठीतला ‘वर’ पुन्हा डोकं काढतो. ‘या नंबरवर फोन करा’: ‘कॉल मी ऑन धिस नंबर’ ब्रिटिश पद्धतीनं बरोबर, अमेरिकन ‘ॲट धिस नंबर’ म्हणतो, दोन्ही चालतील. ‘मेलवर पाठवतो’ याचं ‘आय विल सेंड इट बाय ईमेल’. मेल आयडीला मात्र ॲट: ‘यू कॅन रीच मी ॲट’ आणि पुढे आयडी. त्या आयडीतलं चिन्हही ॲटच असतं. आयडी सांगताना ते ‘ॲट द रेट ऑफ’ असं वाचायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण परदेशी माणूस ते ऐकून ‘द रेट ऑफ’ हेही अक्षरांत टाइप करायला घेऊ शकतो. नुसतं ‘ॲट’ म्हणा.